बर्फावरचं शीड

शीड धरून फळीवर उभं राहायला शिकायची कल्पना माझी नव्हती. ती नवऱ्याची होती, आणि त्यालाही वाऱ्यापाण्याची काही ओढ नव्हती. तो सिंगापूरच्या जुरोंग आयलंडवरच्या एका केमिकल कंपनीत इंजिनिअर. कंपनीचं मूळ ऑफिस फिनलंडमध्ये. तिथले मोठे साहेब हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर शिडाची फळी चालवायचे आणि कुठूनही पाहुणे आले की त्यांनाही हौसेने तळ्यावर न्यायचे. नवऱ्याला मार्चमध्ये तिकडे मीटिंगला जायचं होतं.

"सगळे बर्फावर पळतायत आणि मी काठावर कॉफीचा कप धरून उभा, हे बरं दिसत नाही," तो म्हणाला. "आधी पाण्यावर शिकून घेतो. दोन्हीत फारसा फरक नसतो म्हणे."

क्लासला एकट्याने जायचा त्याला संकोच वाटत होता, म्हणून त्याने माझंही नाव घातलं. मला विचारलं ते नाव घालून झाल्यावर.

आम्ही बुकित बातोकला राहायचो आणि क्लास पासिर रिसच्या किनाऱ्यावर, म्हणजे बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला. रविवारी सकाळी मुलीला शेजारच्या मैत्रिणीकडे सोडून एमआरटीने निघायचो. जुरोंग ईस्टला गाडी बदलली की पुढे शेवटच्या स्टेशनपर्यंत बसून राहायचं. तो फोनवर मेल बघायचा, मी खिडकीतून लोकांच्या वाळत घातलेल्या कपड्यांच्या काठ्याच काठ्या बघायचे.

पाण्यावर शिकताना सगळ्यात आधी शिकायचं ते पडायला. शीड पाण्यात आडवं पडलेलं असतं. फळीवर उभं राहून, गुडघे वाकवून, दोरीने ते वर ओढायचं. ते पाणी पिऊन इतकं जड झालेलं असतं की विहिरीतून भरलेला हंडा शेंदावा तसं अंग लावावं लागतं. शीड वर येतं, क्षणभर वाटतं जमलं, आणि तेवढ्यात वारा भरतो आणि आपण पाठीवर पाण्यात. मी पडायचे, वर यायचे, पुन्हा चढायचे. नवरा पडला की आधी आजूबाजूला कोण बघतंय ते बघायचा.

चार रविवार तो आला. पाचव्या रविवारी म्हणाला, "मला अंदाज आला. तिथे गेल्यावर जमेल."

मी एकटी गेले.

का गेले हे तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं. मी पुण्यात एका चांगल्या फर्ममध्ये अकाउंटंट होते. इथे त्याच्या नोकरीच्या परवान्यावर अवलंबून असलेल्या पासवर आले आणि बुकित बातोकच्याच इंडस्ट्रियल भागात एका छोट्या ऑफिसात अर्धा दिवस बिलं जुळवायला लागले. आपण अमुक एक गोष्ट चांगली करतो, असं वाटून कित्येक वर्षं झाली होती. पासिर रिसला एका सकाळी वारा नेमका भरला, मी मागे रेलले, शीडही कलंडलं नाही आणि मीही नाही, आणि फळी पाणी कापत निघाली. समोर उबिन बेटाची हिरवी रेघ. मी मोठ्यांदा हसले. हसायला कोणी सोबत नव्हतं, तरी हसले.

तिथेच मला नवऱ्याच्या ऑफिसातली एक फिनिश बाई भेटली. दोन वर्षांसाठी सिंगापूरला आलेली, त्याच्याच टीममध्ये, माझ्याहून थोडी लहान. उन्हाने नाक सोललेलं असायचं. लहानपणापासून ती बर्फावर शीड चालवत आलेली होती आणि इथल्या पाण्याला ती सूप म्हणायची. वारा नसेल त्या दिवशी आम्ही दोघी झाडाखाली बसायचो आणि मी तिला खोदून खोदून विचारायचे.

"बर्फावर सोपं आणि अवघड, दोन्ही आहे," ती म्हणायची. "सोपं अशासाठी, की शीड पाण्यातून ओढायचं नाही. खाली पडलं तर चालत जायचं आणि उचलायचं. अवघड अशासाठी, की पाणी तुला अडवतं, बर्फ अडवत नाही. अर्ध्या वाऱ्यातसुद्धा तू वाऱ्यापेक्षा जोरात जाशील. आणि पडलीस तर ते पाणी नाही, फरशी आहे."

वाळूत काडीने तिने मला फळी काढून दाखवली. टणक बर्फ असला की खाली पोलादी पाती लावतात, भुसभुशीत असला की स्कीसारख्या पट्ट्या. तिच्या भाषेत या दोन बर्फांना दोन वेगळे शब्द होते. मी म्हटलं, आमच्याकडे दोन्ही बर्फच. ती म्हणाली, मग तुम्ही मराल. आम्ही खूप हसलो. पुढे तिची मुदत संपली आणि ती परत गेली.

मार्चच्या त्या दौऱ्यात मीही गेले. "तू येऊन काय करणार तिथे?" नवऱ्याने विचारलं होतं. मी म्हटलं, "बघेन." मुलीची सुट्टी होती, तिला सांभाळायला माझी आई पुण्याहून आली. मीटिंग सोमवारी होती. साहेब शनिवारी सगळ्या पाहुण्यांना तळ्यावर नेणार होते, पण तेच तापाने आजारी पडले. बाकीचे पाहुणे हॉटेलातच राहिले. शेवटी त्या फिनिश मैत्रिणीने आम्हा दोघांना तिच्या गाडीतून नेलं. म्हणजे तळ्यावर आम्ही तिघंच होतो. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढचं सगळं त्यामुळेच झालं.

तळं इतकं मोठं, की पलीकडचा किनारा म्हणजे झाडांची एक काळी ओळ. तिने आधी गिरमिटाने बर्फाला भोक पाडून जाडी मोजली. आमच्या गळ्यात दोन टोकदार खुंट्या अडकवल्या, चुकून बर्फ फुटला तर त्या रोवून स्वतःला वर ओढायचं. हेल्मेट, गॉगल, गुडघ्यांना आणि कोपरांना जाड गाद्या, बुटांना खिळे. जिथे ओढा तळ्याला मिळतो तिकडे बोट करून म्हणाली, "तिकडे अजिबात नाही. तिथला बर्फ खोटा असतो."

मी सिंगापूरला मॉलमधून घेतलेलं जॅकेट बघून तिने मान हलवली. "यातून वारा आरपार जाईल."

आधी नवरा गेला. त्याच्या अंगात कंपनीने दिलेलं जाड लाल जॅकेट होतं. त्याने शीड उचललं, फळीवर पाय ठेवला, वारा भरला आणि फळी त्याच्या पायाखालून निघून गेली. तो कुल्ल्यावर आपटला. पुन्हा उठला, पुन्हा आपटला, या वेळी मनगटावर. तिसऱ्यांदा तो उठून शिडाकडे गेलाच नाही. काठावर लाकडी झोपडी होती, आत शेकोटी. तो तिकडे निघाला.

"जॅकेट तिला दे," मैत्रीण म्हणाली. त्याने काढून दिलं.

मी पहिल्यांदा पडले, दुसऱ्यांदाही पडले. मैत्रीण 'फरशी' म्हणाली होती ते खरंच होतं. एकदा हेल्मेट आपटलं तेव्हा डोळ्यांपुढे पांढऱ्यावर पांढरं चमकलं. मैत्रीण शेजारून चालत ओरडत होती, "हातांनी ओढू नकोस! बस! खुर्चीत बसल्यासारखी वाऱ्यात बस!" फळीला वळवायला टाचेने नुसता भार द्यायचा. थांबायचं असेल तर तोंड वाऱ्याकडे करायचं आणि शीड सैल सोडायचं. घाबरून उडी मारायची नाही.

मग एकदा मी बसले आणि वारा भरला.

त्याचं वर्णन मी नंतर एकाच माणसाजवळ केलं, त्याच संध्याकाळी, नवऱ्याजवळ. मी सांगितलं, की फळीखालची पाती बर्फावर घासतात त्याची गुणगुण पायांतून वर येते आणि दाढांत वाजते. की शीड एकदा भरलं की मागे बघायचं नाही, मागे बघितलं की आपण गेलो. की मध्यावर पोचल्यावर मला भीती वाटायची थांबली, आणि तेव्हाच जास्त भीती वाटली. तो पलंगावर मनगटाला मलम चोळत ऐकत होता. "भारीच," म्हणाला. मला वाटलं, माझ्यासाठी म्हणतोय.

मी किती फेऱ्या मारल्या ठाऊक नाही. मैत्रिणीने नवऱ्याच्या फोनवर माझा फोटो काढला. लाल जॅकेट, हेल्मेट, गॉगल, नाकापर्यंत ओढलेली पट्टी, वाऱ्यात रेललेलं अंग, मागे पांढऱ्या तळ्यावर उडालेला बर्फाचा चुरा. फोटो सुंदर होता. त्यात माझा चेहरा नखभरसुद्धा दिसत नव्हता.

सिंगापूरला परतलो आणि दोनएक आठवड्यांनी गुढीपाडवा आला. ओळखीच्या मराठी मंडळींनी एका कोंडोच्या, म्हणजे सोसायटीच्या, हॉलमध्ये जेवण ठेवलं होतं. बँकांमधले, आयटीमधले, सगळे आमच्यासारखेच. मी पुऱ्या तळायला मदत करत होते. मागे पुरुषांच्या घोळक्यातून नवऱ्याचा आवाज आला.

"अरे, पात्यांची गुणगुण होते ना, ती दाढांत वाजते बघ. आणि शीड एकदा भरलं की मागे बघायचं नाही. मागे बघितलं की गेलास."

मी वळले. फोन हातोहात फिरत होता. कोणीतरी म्हणालं, "काय फोटो आहे राव! जेम्स बाँडच!"

मी पुरीचा झारा खाली ठेवला आणि तिकडे गेले. शांतपणे म्हटलं, "ती मी आहे. फोटोतली."

घोळका हसला. वाईट हसला नाही, प्रेमाने हसला. एक बँकेतले गृहस्थ म्हणाले, "वहिनी, अहो जॅकेट तर ह्याच्या कंपनीचं!" सगळ्यांनी नवऱ्याकडे बघितलं. एका शब्दाचं काम होतं. तो म्हणाला, "हो रे बाबा, तीच आहे. आमच्या घरात सगळीकडे तीच असते."

त्याने खरं तेच सांगितलं होतं, आणि असं सांगितलं होतं की कोणाला ते खरं वाटणार नाही. हशा पिकला. कोणीतरी माझ्या हातात श्रीखंडाची वाटी दिली.

परतताना बसमध्ये मुलगी पुढच्या सीटवर झोपली होती. मी विचारलं, "असं का केलंस?"

"काय केलं?"

"माझं सगळं तू तुझं म्हणून सांगितलंस. माझे शब्दसुद्धा."

"अगं, मी गेलो होतो की नाही तिथे? फळीवर उभा राहिलो होतो की नाही? त्यांनी फोटो बघितला आणि धरून चालले. आता मध्येच काय सांगू, की मी पडलो आणि बायको पळाली?"

"हो. तेच सांगायचं."

"सोमवारी मीटिंगमध्ये साहेबांनी फोटो बघून सगळ्यांसमोर माझ्याशी हात मिळवला. ते आता मागे घेऊ? आणि तुला काय फरक पडतो? तुला कुठे ऑफिसात दाखवायचंय? आपल्या दोघांचंच आहे ना ते."

म्हणजे पाडव्याच्या आधीच, तिथेच, सोमवारीच झालं होतं. मी हॉटेलच्या खोलीत बॅगा भरत होते तेव्हा.

पुढे मुलीने तो फोटो शाळेत नेला. मी तिला सांगितलं, "बाळा, ही आई आहे." ती दहा वर्षांची, सिंगापूरच्या शाळेत वाढलेली. माझ्याकडे बघून समजूत घातल्यासारखं म्हणाली, "मम्मी, पापा told me already, lah. Don't be jealous." जेलस हा शब्द तिला कोणी दिला ते मी विचारलं नाही.

त्या वर्षी नवऱ्याला बढती मिळाली. फोटोमुळे मिळाली असं मी म्हणणार नाही, तो कामात हुशार आहे. पण ऑफिसात तो बर्फावरचा माणूस झाला. धोका पत्करणं या विषयावर त्याला नव्या लोकांपुढे बोलायला लावायचे, आणि मागे पडद्यावर मी असायचे, भिंतीएवढी.

मग पुढचा हिवाळा आला आणि साहेबांचा निरोप आला: या वेळी मी ठणठणीत आहे, आपण दोघं मिळून तळं पार करू.

नवरा दोन दिवस तो निरोप पुन्हा पुन्हा उघडून बघत होता. तिसऱ्या दिवशी मी भाजी चिरत असताना स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"मला शिकवशील?"

"क्लास आहे की पासिर रिसला."

"क्लास नको. तू शिकव. रविवारी नको, मधल्या वारी जाऊ, मी सुट्टी टाकतो. ओळखीचं कोणी नसतं तेव्हा."

मी सुरी थांबवली. तो खरंच घाबरलेला होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्याने माझ्याकडे अशी गरज म्हणून काही मागितलं नव्हतं. क्षणभर माझं मन विरघळलंही. त्याने तेव्हा नुसतं चुकलं म्हटलं असतं, तर मी दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन गेले असते.

तो म्हणाला, "आणि हे कोणाला बोलू नकोस."

"नाही," मी म्हटलं.

"नाही म्हणजे? बोलणार नाहीस ना?"

"नाही म्हणजे शिकवणार नाही."

तो एकटाच गेला. तो तिकडे असताना मी काय काय कल्पना केल्या, ते आठवलं की आज माझी मलाच कीव येते. तो तळ्यावर सगळ्यांसमोर आपटेल, साहेबांच्या लक्षात येईल, कोणीतरी विचारेल, मग गेल्या वर्षीचा तो कोण? भांडी घासताना, बिलं जुळवताना मी ते चित्र पुन्हा पुन्हा बघायचे. त्याचं वाईट व्हावं असं नव्हतं. फक्त एकदा खरं उघडं पडावं.

काहीच झालं नाही. त्याने विमानतळावरच पाठ धरल्याचं तिथे सांगितलं. साहेबांनी त्याला झोपडीत शेकोटीजवळ बसवलं, कॉफी दिली, गेल्या वर्षीचा फोटो पुन्हा सगळ्यांना दाखवला. येताना तो माझ्यासाठी लोकरी मोजे घेऊन आला.

त्यानंतर काही महिन्यांनी ती फिनिश मैत्रीण कामासाठी सिंगापूरला आली. आम्ही एका हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या गाळ्यांवर जेवायला भेटलो. मला इतका आनंद झाला होता की मी तिच्या आधी पोचून पंख्याखालचं टेबल धरून बसले होते. तिने नूडल्सची प्लेट ठेवली, बसली आणि म्हणाली, "तू सोडून दिलंस हे ऐकून फार वाईट वाटलं."

"काय सोडलं?"

"शीड. तुला आता आवड राहिली नाही म्हणे. मी म्हटलं होतं, या वेळी तिलाही घेऊन ये."

"कोण म्हणालं?"

तिने काटा खाली ठेवला. "तुझा नवरा."

मी कालच्याच रविवारी पाण्यावर होते. तळहातावरचे घट्टे मी तिच्यापुढे धरले. तिने ते बघितले आणि मग मी सगळं सांगितलं, पाडव्यापासून. मी सांगत होते आणि ती माझ्याकडे न बघता नूडल्स ढवळत होती. तिला आश्चर्य वाटत नाहीये, हे माझ्या हळूहळू लक्षात आलं.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"मी त्या सोमवारी खोलीतच होते," ती म्हणाली. "त्याने फोटो दाखवला तेव्हा. मला वाटलं, आता सांगेल की ही माझी बायको. तो बोलतच राहिला. मग फार उशीर झाला."

"फोटो तू काढला होतास."

"हो."

"तू एक वाक्य बोलली असतीस तर..."

"तो आता आमच्या दोन्ही ऑफिसांच्या प्रोजेक्टचा प्रमुख आहे," ती म्हणाली. "माझा वर्षाचा रिपोर्ट तो लिहितो. मला वाटलं, हे तुमच्या घरातलं आहे, तुम्ही आपसांत मिटवलं असेल." मग म्हणाली, "सॉरी."

तिचा राग आला असता तर बरं झालं असतं. तिने मला पाण्यावरून बर्फावर नेलं होतं, माझ्या शेजारून ओरडत धावली होती. तिच्या जागी मी काय केलं असतं ते मला कळत होतं, आणि तेच जास्त लागलं. आम्ही जेवण संपवलं. तिने तळ्याबद्दल, यंदाच्या बर्फाबद्दल काही सांगायचा प्रयत्न केला. मी हो हो म्हणत राहिले. स्टेशनवर तिने मला मिठी मारली. नंतर तिचे दिवाळीला मेसेज यायचे, दिवा आणि फुलं. मीही दिवा आणि फुलं पाठवायचे.

बर्फावर मी परत गेले नाही. आम्ही पीआर, म्हणजे इथले कायमचे रहिवासी झालो, मुलगी मोठी झाली, नवऱ्याने पुढे कंपनी बदलली, आणि फोटोची गोष्ट तिथल्या लोकांबरोबर मागे राहिली. आमचं भांडण कधी झालं नाही. बाहेरून बघणाऱ्याला आमच्यात काही बिनसलंय असं वाटणार नाही, आणि एका अर्थी बिनसलेलंही नाही.

मी अजून पासिर रिसला जाते. कधी वारा चांगला असतो, कधी नुसतं घाम गाळत उभं राहावं लागतं. गेल्या हंगामात मला एक वळण साधलं, शीड एका बाजूने दुसऱ्या बाजूला झुलवून न थांबता फिरायचं, जे मला कित्येक महिने जमत नव्हतं. घरी आल्यावर नवऱ्याने पेपरातून मान वर करून विचारलं, "कसा होता आज वारा?"

"ठीक होता," मी म्हटलं, आणि ओले कपडे वाळत घालायला गेले.